पाचातून सात

"माझं मीच मंजूर करू? माझं मीच? अगं, मग उद्या पोरांना बी सांगतो की, लिहा पेपर, तपासा तुमचा तुमीच, अन् पहिला नंबर काढून जावा घरला!"

सोलापूरच्या दवाखान्यात, दुपारच्या भेटीच्या वेळेला, शब्बीर मुजावर पलंगावर मांडी घालून फोनवर ओरडत होता. दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा, नाकाशी नळी, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरचा तो आवाज मला खाली रिक्षातून उतरतानाच ऐकू आला. रिक्षावाला म्हणाला, "वर वाटणीची भांडणं चाललीत वाटतं." नर्स हात जोडून म्हणत होती, "काका, बीपी वाढलंय, हळू बोला." त्यावर हा तिच्यावर उलटला. "बाई, तू माझं मोजलंस. ह्या मशीनचं कुणी मोजलंय का? दुसरं आण, त्याच्यानं बघ." बिचारीनं दुसरं आणलं. दोन यंत्रांचे आकडे निराळे निघाले, आणि त्या माणसाला इतका आनंद झाला की तेवढ्यानंच त्याचं बीपी उतरलं असावं.

फोनवर अश्विनी होती. तामलवाडीची पोरगी, शब्बीरची एके काळची विद्यार्थिनी, आता पुण्यात कॉलेजात गणित शिकवते. ती पलीकडून विनवत होती, "सर, तुम्ही इतक्या वर्षांचे जुने. तुम्हाला अधिकार आहेत. एक बटण दाबा, तुमचा बदल आत जाईल. कुणी काही म्हणणार नाही."

"कुणी म्हणणार न्हाय म्हणूनच दाबायचं न्हाय!" शब्बीर म्हणाला, फोन ठेवला, आणि माझ्याकडं वळून एकदम मऊ आवाजात म्हणाला, "बाप्या, मोसंबी आणलीस व्हय? गोड हाय का?" मी म्हणालो, "साखर." तो म्हणाला, "तुझं तू सांगू नको. त्या शेजारच्या पेशंटला एक दे, त्याला विचारू."

ती आमची शेवटची भेट. शेजारचा पेशंट म्हणाला, आंबट आहे.

आता, हे बटण कसलं आणि बदल कसला, ते सांगायला पाहिजे. मी बापू माने, उमरग्याच्या ज्युनिअर कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालेला माणूस. गणिताचा आणि माझा संबंध 'एक-दो-एक' एवढाच. शब्बीर त्याच कॉलेजात गणित शिकवायचा. त्याच्या लाल पेनाची दहशत इतकी होती की शेजारच्या मुरुम गावापासून हायवेपर्यंतच्या पोरांनी लाल रंगाचे शर्ट घालणं सोडलं होतं. कॉलेजात तेव्हा गणिताचं एक महागडं सॉफ्टवेअर होतं. कसलंही समीकरण द्या, पुढच्या क्षणाला उत्तर. एक दिवस शब्बीर पोरांना घेऊन बसला, तर पडद्यावर पाटी आली, तुमचा परवाना संपला आहे. झालं. प्राचार्यांच्या खोलीत ह्याचा जो आवाज चढला, तो ऐकून हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी पुढं अपघात झालाय समजून ब्रेक दाबले. "गणिताला परवाना? त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज कुणाच्या मालकीची हाय?"

पण त्याचा खरा राग परवान्यावर नव्हताच. तो वेगळ्याच गोष्टीनं पेटला होता, आणि ती त्यानं मला चहाच्या टपरीवर टेबल बडवून समजावली. "बाप्या, पोरानं नुसतं उत्तर लिहिलं अन् रीत दाखवली न्हाय, तर मी किती मार्क देतो?" शून्य, मी म्हणालो. "मग ह्या डब्याला कामून पैकीच्या पैकी देऊ? उत्तर देतंय, रीत दाखवत न्हाय. झाकण उघडू देत न्हाय. गणितात 'माझ्यावर विश्वास ठेवा' असं वाक्यच नसतं!"

त्या दिवशी त्यानं ते दुसरं सॉफ्टवेअर शोधून काढलं. ते कुठल्या कंपनीचं नाही. जगभरातले मास्तर, विद्यार्थी, रिकामटेकडे आणि विद्वान मिळून ते बांधतात. आतला प्रत्येक स्क्रू उघडा. कुणीही बघावं, कुणीही चूक काढावी, कुणीही दुरुस्ती सुचवावी. मात्र एक कायदा आहे. तुम्ही लिहिलेलं दुसऱ्यानं तपासल्याशिवाय आत जायचं नाही. तो दुसरा मग ब्राझीलचा असो नाहीतर बसवकल्याणचा. हा कायदा शब्बीरनं वाचला आणि मला म्हणाला, "माझी माणसं सापडली."

त्या माणसांनी त्याचं स्वागत कसं केलं म्हणाल, तर त्यानं महिनाभर खपून पाठवलेलं पहिलं काम त्यांनी परत पाठवलं. ओळीगणिक शेरे. हे नाव समजत नाही, इथं कारण लिहा, हे आधीच अस्तित्वात आहे, हे हळू चालतं... त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याचा पेपर तपासला होता. तो तिरिमिरीत घरातून निघाला तो थेट मुरुमपर्यंत चालत गेला असं मी सगळ्यांना सांगतो. (बसथांब्यापर्यंत गेला होता.) परत आला तेव्हा रशीदाभाभी दारातच उभ्या. भाभी म्हणजे त्याची बायको, उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झालेली, शब्बीरपेक्षा दोन सूत सरस मास्तरीण. त्या म्हणाल्या, "सारी उम्र लेकरांना लाल शाई पाजली ना? आता घ्या एक घोट तुम्ही बी." शब्बीर मुकाट्यानं आत गेला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला बसला.

तिथून पुढं त्याच्या घराची पुढची खोली म्हणजे जगाच्या गणिताची उमरगा शाखा झाली. दर रविवारी सकाळी बैठक. अश्विनी आणि तिच्यासारखे आणखी काही जण शिकायच्या काळात तिथं यायचे, पुढं जिथं असतील तिथून जोडले जायचे. लाईट गेली की इंटरनेटला रेंज मिळावी म्हणून मी गच्चीवर जाऊन मोबाईल आभाळाकडं धरून उभा. युरोपातल्या कुठल्याशा थंड गावातली मार्ता नावाची बाई ह्या मंडळींची मोठी जाणकार. बैठकीत हायवेवरचे ट्रक भोंगे वाजवायचे, तर तिनं एकदा विचारलं, तुमचं गाव समुद्राकाठी आहे का, जहाजं येतात का? मी अश्विनीला म्हणालो, सांग हाय म्हणून, लई मोठं बंदर हाय. शब्बीर खेकसला, "खबरदार! मी उभ्या जन्मात समुद्र बघितला न्हाय, अन् ह्यो माझ्या दारात बंदर बांधायलाय."

ह्या सगळ्यात माझं काम काय? तर मोडणं. शब्बीरचं म्हणणं असं, की लिहिलेलं बरोबर आहे हे बघायला विद्वान लागतात, पण ते मोडायला वेगळीच जात लागते. "शहाणी माणसं शहाणे प्रश्न विचारतात. मला एक नंबरी थापाड्या पाहिजे." अख्ख्या तालुक्यात ह्या पदाला माझ्याएवढा लायक उमेदवार नव्हता, हे मी नम्रपणे नमूद करतो.

शब्बीरनं तेव्हा निवडीचा हिशेब लिहिला होता. म्हणजे दहा गड्यांतून सात जणांचा संघ किती तऱ्हांनी निवडता येईल, असल्या हिशेबाची नवी, झपाट्यानं चालणारी रीत. मार्तानं तपासली, आणखी एका प्रोफेसरानं तपासली, दोघांनी वाहवा केली. मग मला बसवलं. आता माझी एक कबड्डीची गोष्ट आहे, जी मी प्रत्येक लग्नात सांगतो. मुरुमच्या मैदानावर सामना होता, माझ्या संघातले पाचच गडी आले, आणि मी त्या पाचांतून सात मैदानात उतरवले. कसे? त्यांना इतकं जोरात पळायला लावलं की समोरच्यांना सात दिसायला लागले. सामना आम्ही जिंकलो. तर मी तेच यंत्राला विचारलं, पाच गडी, संघ सातांचा, किती तऱ्हा?

यंत्र म्हणालं, एक.

मी जो उठून नाचलो! "बघ शब्ब्या! आहे म्हणतंय! एक तऱ्हा आहे म्हणतंय, तीच मी वापरली!" शब्बीरचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. पाचातून सात निवडण्याची एकही तऱ्हा नसते, उत्तर शून्य यायला पाहिजे. ज्या वळणानं रीत झपाट्यानं चालायची, त्याच वळणावर ती माझ्या थापेला होकार देत होती. आणि हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, कारण इतकं खोटं विचारावं असं कुणा सभ्य माणसाला सुचलंच नव्हतं. दुसरा कुणी असता तर गुपचूप दुरुस्त करून मोकळा झाला असता. शब्बीरनं आधी जगाला दिसेल अशा पानावर लिहिलं की माझ्या कामात चूक आहे, ती अमुक माणसानं काढली, आणि मगच दुरुस्तीला हात घातला. मी म्हणालो, "अरे, आधी दुरुस्त कर, मग सांग. अब्रू राहील." तो म्हणाला, "झाकलेल्या चुकीवर दुसरा माणूस घर बांधतो, बाप्या. त्याच्या अब्रूचं काय?"

आणि मग त्यानं माझी थाप अमर केली. असल्या सॉफ्टवेअरला परीक्षा लावलेल्या असतात. जगात कुणीही आत एक ओळ बदलली, की ते यंत्र आपण होऊन सगळे जुने प्रश्न पुन्हा सोडवून दाखवतं, त्याशिवाय बदल आत जात नाही. त्या प्रश्नांमध्ये शब्बीरनं एक घातला आणि त्याला नाव दिलं, मुरुम. पाच गडी, संघ सातांचा, उत्तर शून्यच आलं पाहिजे. म्हणजे आज ह्या घडीला कुठल्या तरी देशात कुणी तरी काही तरी सुधारतंय, आणि त्याचं यंत्र आधी माझी थाप पकडतंय! इतक्या लोकांसमोर इतक्या वेळा खोटा ठरलेला माणूस उमरगा तालुक्यात दुसरा नाही. आहे कुणाची छाती?

गावातले लोक विचारायचे, ह्यातून मिळतं काय? एक जण, दुकानदार माणूस, बैठकीतच येऊन बसला आणि म्हणाला, "सर, एवढी अक्कल फुकट वाटताव म्हणजे येडेपणाच की." शब्बीरनं त्याला शांतपणे विचारलं, "बे एके बे कुणी लिवलं? खाली नाव हाय का त्याचं? तू पाढा फुकट पाठ केलास, तुझ्या बापानं फुकट पाठ केला, अन् त्याच्यावर दुकान चालवलालास. तवा कुणी येडा म्हणलं का पाढेवाल्याला?" दुकानदार उठला. जाताना म्हणाला, सरांशी बोलणं म्हणजे परीक्षेला बसणं.

...त्या मोसंबीच्या भेटीनंतर दोन दिवसांनी अश्विनीचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, सर गेले. मी म्हणालो, बरं.

दफनाला मुरुमपासून माणसं आली, जुने विद्यार्थी आले, ज्यांना त्यानं नापास केलं होतं ते जास्त आले. आणि तिकडं, सॉफ्टवेअरच्या त्या उघड्या पानावर जगभरातून इतक्या भाषांत लोकांनी लिहिलं की अश्विनी वाचून दाखवता दाखवता दमली. सगळ्यात शेवटी मार्तानं एक सूचना मांडली होती. शब्बीरचा तो शेवटचा बदल, दवाखान्यातून ज्यासाठी तो ओरडत होता तो, तपासायचा राहून गेला आहे. निवडीचा सगळा भाग त्यानं नव्यानं लिहिला होता, आधीपेक्षा कितीतरी झपाट्यानं चालणारा. तर आपण तो आहे तसा आत घेऊ या. तपासणी नको. त्याला ही आपली श्रद्धांजली. खाली लोकांनी हात जोडले होते, फुलं टाकली होती. एकही विरोध नव्हता.

चाळिसाव्या दिवसाच्या फातेह्यानंतरच्या रविवारी आम्ही त्याच खोलीत बसलो होतो. अश्विनी पुण्याहून आली होती. तिनं हे भाभींना सांगितलं आणि विचारलं, "कळवू का हो म्हणून?" माझे तर डोळे भरून आले होते. मी म्हणालो, "कळव, कळव. राजाला तोफांची सलामी पाहिजेच."

"बापूभाई! तुम्ही बी?"

भाभींचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा चढलेला ऐकला, आणि कळलं की त्या घरात इतकी वर्षं शब्बीरचा आवाज हा दुसऱ्या नंबरचा होता. "जिते जी कुणाचं तोंड बघून पास केलं न्हाय त्यांनी. माझ्या सख्ख्या भावाच्या लेकराला बारावीत नापास केलं! पुढच्या ईदला माहेरात मला शीरखुर्मा कुणी विचारला न्हाय. अन् आता सोता गेले म्हणून ग्रेस मार्कांनी पास व्हायचं त्यांनी? फूल टाकून? दया करून? त्या बाईला सांग, अश्विनी. म्हणावं, पेपर तपासा. कसून तपासा. नापास होत आसंल तर नापास करा. पण हे आसं न्हाय चालणार ह्या घरात."

अश्विनीनं ते जसंच्या तसं लिहिलं. शीरखुर्म्यासकट.  दोन दिवसांनी मार्ताचं उत्तर आलं की बरोबर आहे, आम्ही चुकत होतो, तपासणी सुरू करते.

आणि मोडायला अर्थातच मला बसवलं, त्याच खोलीत, त्याच्याच खुर्चीसमोर. खुर्चीत कुणी बसलं नाही, मी स्टुलावर. हजार गड्यांतून सात विचारले, बरोबर. लाखातून अर्धे विचारले, यंत्रानं पानंच्या पानं भरणारा आकडा ओकला, अश्विनीनं तो दुसऱ्या रीतीनं पडताळला, बरोबर. मुरुम तर आधीच पास. मला वाटलं, आता एक शेवटची अस्सल थाप टाकावी, आणि... सुचेना. खरं सांगतो, ह्या जन्मात पहिल्यांदा मला थाप सुचेना. समोर थाप पकडणारा नसला की ती येतच नाही. हात नुसते कीबोर्डवर पडले आणि मी विचारलं, गडी शून्य. संघ शून्याचा. रिकामं मैदान. किती तऱ्हा?

यंत्र म्हणालं, शून्य.

"बरोबर," मी म्हणालो. "कुणीच न्हाय, तर शून्यच."

अश्विनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. ती हळूच म्हणाली, "नाही सर. एक यायला पाहिजे. रिकाम्या मैदानातून कुणालाच न निवडायची एक तऱ्हा असतेच. मैदान रिकामं ठेवणं, हीच ती तऱ्हा." तिनं आत शोधलं. जागा सापडली. माझ्यासारखे थापाडे आत शिरू नयेत म्हणून शब्बीरनं नव्या कामात सुरुवातीलाच कडी घातली होती, आणि ती त्यानं जरा जास्तच घट्ट लावली होती. खोट्याबरोबर खरंखुरं रिकामपणही बाहेर राहिलं होतं. आणि हा प्रश्न आजवर कुणी परीक्षेत घातलाच नव्हता.

 तपासायला भाग पाडलं आम्ही, आणि गेलेल्या माणसाची चूक निघाली. चार भिंतींआड दुरुस्त केली असती तर कुणाला कळलं नसतं. अश्विनी म्हणाली, "एका ओळीचं काम आहे. आत्ता करून टाकते..." आतून भाभी आल्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी विचारलं, "आधी काय करत व्हते ते?"

आधी लिहायचे, मी म्हणालो.

"मग लिवा."

लिहिलं. जगाला दिसेल अशा पानावर. शब्बीर मुजावर यांच्या शेवटच्या कामात चूक आहे, ती उमरग्यात सापडली. मग अश्विनीनं ती ओळ दुरुस्त केली, आणि तिचं तिनं मंजूर केलं नाही. मार्तानं तपासलं, आणखी दोन शेरे मारून परत पाठवलं, अश्विनीनं पुन्हा केलं, मार्तानं पुन्हा बघितलं. परीक्षेत नवा प्रश्न गेला, त्याचं नाव अश्विनीनं ठेवलं, रिकामं मैदान. आणि मगच, रीतसर, कुणाच्या दयेनं नव्हे, शब्बीरचं काम आत गेलं. येडा म्हणणाऱ्यांनी, फुकट वाटलं म्हणणाऱ्यांनी झाकण उघडून बघावं. झाकण उघडंच आहे.

तो दिवसही रविवारच होता. मार्ता पडद्यावर होती, डोळे पुसत होती. हायवेवर ट्रकचा भोंगा वाजला, तशी ती जराशी हसली. तिनं विचारलं, ह्या कामासोबत कायमची एक टीप जाते, त्यात शब्बीरसाठी काय लिहू? मी तयारच होतो. उठून उभा राहिलो आणि सुरू केलं, उमरग्याचा वाघ, बालाघाटाच्या पल्याडपर्यंत ज्याच्या लाल पेनाची डरकाळी जायची, ज्याच्या एका हाकेसरशी हायवे थांबायचा... बराच वेळ बोललो असेन. अश्विनीनं त्यातलं काय भाषांतरित केलं देव जाणे. मी दम घ्यायला थांबलो, तेवढ्यात मार्तानं भाभींना विचारलं, तुम्हाला काय वाटतं, हे लिहू?

भाभी खुर्चीवरची धूळ पदरानं पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"चूक व्हती. दुरुस्त झाली. दुसऱ्यानं तपासली. एवढंच लिवा."